रक्तातील आकडे आणि दोषाचा प्रश्न

डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या हाती दर महिन्याला एक कागद पडतो. हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन अशी नावे एकाखाली एक, त्यांच्यासमोर आकडे, आणि त्या आकड्यांसमोर ते किती असावयास हवे होते त्याची नोंद. तीन-चार ठिकाणी लाल शाईची खूण असते. वैद्यकाच्या दृष्टीने हा रक्ताच्या रसायनाचा हिशेब होय. परंतु अशा घरांतून ज्यांचा वावर आहे त्यांना ठाऊक आहे की, हा कागद शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा वाचला जातो. पोटॅशियम वाढले, म्हणजे याने चोरून केळे खाल्ले. फॉस्फरस वाढला, म्हणजे जेवणाबरोबरच्या गोळ्या चुकवल्या. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन किलोंनी वाढले, म्हणजे जिभेवर ताबा नाही. परिचारिका रागावते, डॉक्टर मान हलवतात आणि परतताना रिक्षात कोणी कोणाशी बोलत नाही.

या रागामागे काळजी असते, हे आम्ही नाकारीत नाही. पोटॅशियम फार वाढले तर हृदय एकाएकी बंद पडू शकते. मूत्रपिंडे काम करीत नसताना ते बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ते यंत्र. आणि आपल्या किनाऱ्यावरचा आहार या आजाराला मुळीच सोयीचा नाही. केळी, शहाळे, सुकी मासळी, लोणचे यांपैकी पहिल्या दोहोंत पोटॅशियम भरलेले, तर उरलेल्या दोहोंत मीठ. मिठाने तहान लागते आणि प्यायलेले पाणी अंगातच साठते. इतरांचा उपवासकाळ चाळीस दिवसांनी संपतो, पुनरुत्थानाच्या सणाला घरोघरी पक्वान्ने शिजतात. या माणसाचा उपवासकाळ मात्र संपत नाही. अशा माणसाने एखाद्या लग्नात हात सैल सोडला, तर त्याला काय म्हणावे?

आमच्यापुढे असलेला प्रश्न वैद्यकाचा नाही, नीतीचा आहे. शरीरातील आकडा बिघडला, तर त्यात दोष कोणाचा?

हा प्रश्न जुना आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? विचारण्याच्या पद्धतीतच उत्तराला दोन जागा ठेवलेल्या आहेत आणि तिसरी नाही. प्रभूने दोन्ही नाकारल्या. आज आपण पाप हा शब्द दवाखान्यात वापरीत नाही; परंतु तेच दोन पर्याय ‘आहार’ आणि ‘जनुक’ अशी नवी नावे घेऊन परत आले आहेत. आकडा बिघडला तो याच्या खाण्याने, नाहीतर याला आईबापांकडून मिळालेल्या जनुकांनी. म्हणून एका आकड्याची हकिगत थोडी विस्ताराने सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

मासे, मांस, अंडी, डाळी यांतील प्रथिनांमधून मेथिओनिन नावाचे एक अमिनो आम्ल शरीरात येते. त्याचा उपयोग होत असताना होमोसिस्टीन नावाचा पदार्थ तयार होतो. निरोगी शरीर त्याला साचू देत नाही. त्याचे पुन्हा मेथिओनिन करते अथवा त्याला दुसऱ्या कामाला लावते, आणि या कामी फॉलिक ॲसिड, बी-१२ व बी-६ ही जीवनसत्त्वे लागतात. रक्ताच्या एका लिटरमध्ये होमोसिस्टीनचे प्रमाण सामान्यतः ५ ते १५ मायक्रोमोल असते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांच्यात ते बहुधा याच्या दुप्पट-तिपटीने वाढलेले आढळते. १९६९ साली अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅक्कली यांनी, जन्मजात विकारामुळे होमोसिस्टीन अतिशय वाढलेल्या बालकांच्या रोहिण्या म्हाताऱ्या माणसासारख्या खराब झालेल्या असतात, याकडे लक्ष वेधले. डायलिसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने हृदयविकाराने दगावतात. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध असावा, असे पुढे अनेकांस वाटू लागले.

१९९५ साली मॉन्ट्रियल येथे डॉ. रीमा रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हकिगतीत जनुकाची भर घातली. फॉलिक ॲसिडला कामाच्या रूपात आणणारे एमटीएचएफआर नावाचे एक विकर आहे. त्याच्या जनुकात ६७७व्या जागी काही माणसांत ‘सी’ या अक्षराऐवजी ‘टी’ असते. हजारो अक्षरांच्या मजकुरात एका अक्षराचा फरक! परंतु आई आणि वडील दोघांकडून ‘टी’ आली, तर ते विकर लवकर ढिले पडते आणि त्याचे काम निम्म्याच्याही खाली येते. दक्षिण युरोपात, मेक्सिकोत अशी माणसे बरीच आहेत. भारतात त्या मानाने कमी. डायलिसिसच्या रुग्णांची तपासणी झाली तेव्हा ज्यांना दोन्हीकडून ‘टी’ मिळाली आहे त्यांच्या रक्तात होमोसिस्टीन इतरांहून अधिक असल्याचे दिसून आले. म्हणजे शेजारशेजारच्या दोन खाटांवर, सारख्याच यंत्राला जोडलेली, सारखेच पथ्य पाळणारी दोन माणसे, आणि कागदावर मात्र दोन निराळे आकडे. त्यांतील एकाला आपण बेशिस्त म्हणणार काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग सारे जनुकांनीच ठरवले आहे, माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. हे म्हणणे दयाळूपणाचे वाटते. पण ते खरे नाही. कारण या ‘टी’ अक्षराचा स्वभावच असा की, शरीरात फॉलिक ॲसिडचा पुरवठा चांगला असेल तर त्याचा परिणाम जवळजवळ दिसेनासा होतो. पुरवठा तुटपुंजा असेल तेव्हाच आकडा वर चढतो. दोष अक्षरात आहे की ताटात आहे, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. तो त्या दोहोंच्या गाठीभेटीत आहे. शिवाय त्या ताटात काय पडावे, हेही जेवणाऱ्या एकट्याच्या हाती नसते. अमेरिका आणि कॅनडा या देशांनी १९९८ साली धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले. हेतू निराळा होता. बालके पाठीच्या कण्याच्या व्यंगाने जन्मू नयेत म्हणून ते केले गेले आणि तो हेतू बऱ्याच अंशी साध्य झाला. परंतु त्याबरोबरच सामान्य लोकांच्या रक्तातील होमोसिस्टीनही उतरले. ज्यांच्या जनुकात ‘टी’ होती त्यांना हे कळलेही नाही. पाव खाता खाता त्यांचा ‘जन्मजात दोष’ सौम्य झाला.

आपल्याकडील चित्र वेगळे आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात होमोसिस्टीन वाढलेली माणसे मोठ्या संख्येने आढळली, आणि त्याचे प्रमुख कारण निघाले बी-१२ची उणीव, जी शाकाहारी घरांत विशेष असते. मासळीवर वाढलेल्या कुटुंबांना ही उणीव सहसा भेडसावत नाही. मात्र डायलिसिसचा रुग्ण दुसऱ्याच पेचात सापडतो. पोटॅशियम कमी व्हावे म्हणून त्याची भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देण्यास सांगितले जाते. सल्ला योग्य आहे. परंतु फॉलिक ॲसिडही पाण्यात विरघळणारे. ते त्याच पाण्याबरोबर मोरीत जाते. उरलेसुरले यंत्रातून रक्त धुतले जाताना निघून जाते. म्हणूनच डायलिसिसनंतर जीवनसत्त्वाची गोळी देतात. सांगण्याचा मुद्दा हा की, सुनेने सांगितल्याबरहुकूम भाजी उकळली, सासऱ्याने ती बेचव भाजी निमूटपणे खाल्ली, आणि एक आकडा सुधारताना दुसरा आकडा बिघडण्याची वाट मोकळी झाली. या घरात दोषी कोणीच नाही.

कारण आणि दोष या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या सर्रास एक करतो. आकडा वाढण्यास कारण असतेच. बहुधा अनेक कारणे असतात. त्या कारणांत माणसाचे वागणे हेही एक असू शकते. पण कारण सापडले म्हणजे दोषी सापडला असे होत नाही. तसेच, दोषी कोणी नाही म्हणून करण्यासारखे काही नाही, असेही होत नाही. दोष मागे पाहतो; जबाबदारी पुढे पाहते. जो रुग्ण पथ्य मोडतो त्याला ‘तुझ्या जनुकांनीच हे केले’ असे सांगणे म्हणजे त्याच्या हाती जे थोडे उरले आहे तेही काढून घेणे होय. ख्रिस्तसभेने आदिपापाविषयी जी शिकवण दिली आहे तिच्यातही हा भेद आहे, हे येथे आठवते: वारशाने आलेली अवस्था ही त्या वंशजाने स्वतः केलेला अपराध नव्हे. आणि यहेज्केल संदेष्ट्याने तर बापाने खाल्लेल्या आंबट द्राक्षांबद्दलची जुनी म्हण बंदच करून टाकावयास सांगितले होते. ती म्हण अजून बंद झालेली नाही, एवढेच.

होमोसिस्टीनची हकिगत पुढे अशी झाली. आकडा वाढलेला आहे, तो उतरवण्याचा उपाय स्वस्त आहे, तर उतरवून पाहावा, असे ठरून अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत मूत्रपिंडाच्या २०५६ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ यांचे मोठे डोस देण्यात आले, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. होमोसिस्टीन उतरले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. हृदयविकाराचे झटकेही कमी झाले नाहीत. ज्या आकड्याला आपण शत्रू मानले होते तो बहुधा नुसता साक्षीदार होता.

याहून विचित्र गोष्ट अशी की, डायलिसिसच्या रुग्णांत फॉस्फरस, कोलेस्टेरॉल किंवा होमोसिस्टीन अगदी कमी असणे हेही पुष्कळदा वाईट लक्षण ठरते. कारण तो माणूस जेवतच नसतो. भूक मेलेली असते, पथ्याची भीती बसलेली असते, किंवा आपल्या औषधपाण्यापायी घर बुडाले या विचाराने घास उतरत नसतो. त्याच्या कागदावर लाल खुणा नसतात. प्रगतिपुस्तकात तो पहिला येतो, परिचारिका इतरांना त्याचे उदाहरण देते, आणि तो हळूहळू खंगत असतो. कागदाच्या तळाशी अल्ब्युमिनचा आकडा कोणी पाहिलाच तर तेथे ही कथा लिहिलेली आढळते. आम्हांस वाटते की, आज्ञाधारकपणाला आरोग्य समजण्याची ही चूक केवळ दवाखान्यात होत नाही. पण तो विषय निराळा.

रुग्णाच्या योग्यतेचा हिशेब मांडण्याचा मोह डायलिसिसच्या जन्मापासून या यंत्राच्या अवतीभोवती आहे. हॉलंडमधील काम्पेन या गावी डॉ. विलेम कॉल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड बनवले. सुरुवातीचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. ती तुरुंगातून आणलेली होती. जर्मन सत्ता असताना तिने नाझींची बाजू घेतली होती, आणि नुकत्याच मुक्त झालेल्या त्या देशात अशा माणसांबद्दल लोकांच्या मनात काय असेल ते सांगावयास नको. कॉल्फ हे स्वतः नाझींच्या विरोधातले. त्यांनी तिचे रक्त धुतले.

पुढे १९६० साली सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातील रक्तवाहिन्यांना कायमची जोडून ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी बनवली आणि डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगणे शक्य झाले. यंत्रे थोडी होती, रुग्ण पुष्कळ. कोणाला यंत्र द्यावे हे ठरवण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तीत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यचिकित्सक असे सात जण होते. १९६२ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी तिच्याविषयी लिहिले तेव्हा जगाला कळले की ती माणसे उमेदवाराचे वय, लग्न, मुलेबाळे, कमाई यांबरोबरच तो चर्चला जातो की नाही, हेही पाहत होती. वाचकांपैकी कोणाला शेवटची कसोटी मनातून पसंत पडली असेल, तर त्यांनी काम्पेनच्या त्या स्त्रीला या समितीपुढे उभी करून पाहावे. अमेरिकेने १९७२ साली कायदा करून डायलिसिसचा खर्च सरकारकडे घेतला आणि अशा समित्यांची गरज संपली.

समित्या गेल्या तरी निवाडा करण्याची सवय गेली नाही. ती गणिताच्या सूत्रात जाऊन बसली. मूत्रपिंड किती काम करते हे रक्तातील क्रिएटिनिनवरून काढतात. १९९९ साली अमेरिकेत तयार झालेल्या सूत्रात अशी तरतूद होती की, रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या उत्तराला सुमारे १.२१ने गुणावे. त्यांच्या अंगात स्नायू अधिक असतात, असे कारण देण्यात आले. परिणाम असा की रक्त तेच, आकडा तोच, पण माणसाचा वर्ण नोंदवला की त्याची मूत्रपिंडे कागदोपत्री २१ टक्क्यांनी सुधारत. मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत नाव लागण्यासाठी ती क्षमता २०पर्यंत खाली यावी लागे. ती कागदावर उशिरा उतरे. ज्या समाजात डायलिसिसवरील रुग्णांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक, त्याच समाजाला हे सूत्र मागे ठेवीत होते. २०२१ साली तेथील तज्ज्ञांनी वर्णाचा गुणक काढून टाकण्याची शिफारस केली, आणि २०२३ सालापासून ज्या कृष्णवर्णीय रुग्णांचा काळ असा वाया गेला होता, त्यांचा तो काळ मोजून यादीतील जागा सुधारून देण्याचे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. सूत्र मांडणारे दुष्ट नव्हते. तरीही जबाबदारी कोणाला तरी घ्यावी लागली, आणि ती घेतली गेली.

याच समाजाच्या बाबतीत २०१० साली एक खरे जनुकही सापडले. एपीओएल-१ नावाच्या या जनुकाचे दोन बदल पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या वंशांत आढळतात, आणि आईबाप दोघांकडून असा बदल मिळाला तर मूत्रपिंडाचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपैकी सुमारे १३ टक्के लोकांत तो तसा आहे. मग हा बदल टिकला कसा? कारण तो निद्रारोगाच्या जंतूंपासून वाचवतो. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत सिकलसेलचे जनुक मलेरियापासून संरक्षण देत टिकले, त्यातलाच हा प्रकार. ज्याला आपण रक्तातील दोष म्हणतो ते कोणा एका आजीने आपल्या लेकराला दिलेले कवच होते. आणि हा वारसा दोन्हीकडून मिळालेल्यांपैकी बहुतेकांना जन्मभर मूत्रपिंडाचा विकार होत नाही. कातडीच्या रंगावरून केलेला हिशेब चुकला. म्हणून जनुकावरून केलेला हिशेब माणसाचे भविष्य सांगेल असे समजणे हीही घाईच.

हे सारे दूरच्या देशांतील आहे असे वाटेल. परंतु मूत्रपिंडाचा एक वारसा आपल्या घरांत अगदी सरळपणे उतरतो. मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होऊन ती हळूहळू निकामी होण्याचा जो विकार आहे, त्याचे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असले तरी प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. चाळिशी-पन्नाशीत बापाला डायलिसिस लागतो. मुलगा मूत्रपिंड देण्यास पुढे येतो, त्याची सोनोग्राफी होते, आणि त्याच्याही मूत्रपिंडांत गाठी निघतात. त्या दिवशी बाप स्वतःच्या आजाराने खचला नसेल इतका खचतो. ‘माझ्यामुळे’ हा शब्द त्याच्या तोंडून जात नाही. त्या बापाला काय सांगावे? आम्ही म्हणू, वारसा देणे हा तुमचा अपराध नव्हे. तुम्ही निवडून दिलेला नाही. तुमचे नाक, तुमचा आवाज, तुमचा हट्टी स्वभावही तुम्ही असाच दिला.

परंतु त्याच घरात धाकटी मुलगी लग्नाची असते, आणि मग कुजबूज सुरू होते की हे बाहेर कळू देऊ नका, आधी तिचे होऊन जाऊ द्या. आमच्या मते जबाबदारी सुरू होते ती येथे. जनुक देणे हातात नव्हते, सांगणे हातात आहे. या विकारात रक्तदाब लवकर वाढतो. तो वेळीच ओळखून आटोक्यात ठेवता येतो आणि त्याचा लाभ तिचाच आहे. बापाने मुलीला सारे सांगावे, नंतर तपासणी करून घ्यायची की नाही आणि केव्हा, हे तिच्यावर सोडावे. लग्नाआधी तिला ओढून तपासणीला नेणे हाही एक प्रकारचा निवाडाच. ज्याच्याशी तिचे आयुष्य जोडले जाणार त्याला तिने सांगावे, मध्यस्थांना नव्हे. आणि वरपक्षाकडील मंडळींनी सोनोग्राफीचा कागद मागण्याआधी आपल्या घरातील मधुमेहाच्या गोळ्या मोजून घ्याव्यात, कारण डायलिसिसच्या खाटेवर सर्वांत जास्त माणसे त्या वाटेने येतात, आणि तोही बऱ्याच अंशी वारसाच आहे.